जांभ्याच्या गावात, सायबाच्या फेस्ताला

१ डिसेंबर – सावंतवाडी ते दिवाडी

आमच्या गल्लीतल्या काकू गेली पन्नासेक वर्षं ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात, सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, त्याच्या सणाला, असतात. लग्न होऊन सावंतवाडीत आल्या तेव्हा सासू-सासऱ्यांबरोबर चालत जायच्या. पुढे एसटीने जाऊ लागल्या. आता गुडघे धरतात, म्हणून सोबत लागते. त्यांचा मुलगा आखातात कामाला, त्याला यंदा रजा मिळाली नाही. काकूंनी गडग्यावरून हाक मारली, "झिला, माज्यावांगडा येतंस काय सायबाच्या फेस्ताक?"

मी लगेच हो म्हटलं. जुनं गोवं मी तीन-चारदा पाहिलं होतं, पण ते गाडीतून उतरायचं, दोन चर्च बघायची आणि संध्याकाळच्या आत समुद्र गाठायचा अशा घाईने. फेस्ताला कधीच गेलो नव्हतो. शिवाय मला तिथला दगड निवांत बघायचा होता. माझे वडील चिरेखाणीवर मुकादम होते. आमचं घर, गोठा, विहीर, गडगा, सगळं जांभ्याचं. जुनं गोवंही जांभ्याचंच आहे, आणि ते मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी गाठली. तिथून रायबंदरचा जुना रस्ता धरला. मांडवीच्या काठाने, मिठागरं आणि खारफुटीच्या मधून जाणारा हा तीनेक किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात घातला. त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावावरून त्याला लिन्यारिसचा पूल म्हणतात. चारशे वर्षं होत आली, अजून बस त्याच्यावरूनच धावते.

काकूंची बहीण दिवाडी बेटावर राहते, मुक्काम तिच्याकडे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि माणसं, स्कूटर, मासळीच्या टोपल्या सगळ्यांना घेऊन पाच-दहा मिनिटांत पलीकडे टेकते. बोट अर्ध्यात असताना मागे वळून पाहिलं तर झाडीतून सेंट काजेतानचा घुमट वर आलेला. एवढ्या मोठ्या नदीकाठी दुसरं शहर म्हणून काही दिसत नव्हतं, नुसते माड आणि चर्चचे माथे.

दिवाडी आता शांत, हिरवं, शेताभाताचं बेट आहे. याच बेटावर गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी १५४०च्या सुमारास ते पाडलं. लिंग लोकांनी नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. काकूंच्या बहिणीने संध्याकाळी टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपर्यंत चालत नेलं. तिथल्या दफनभूमीत एक कपेल, छोटं प्रार्थनाघर, आहे. त्याचं दगडी छत कदंबकालीन मंदिराचं असल्याचं मानतात. कोरीव काम बघून ते मानायला काही अडचण पडत नाही. मावशी म्हणाल्या, "आमचीं सगळीं माणसां हंगाच निजलीं." कदंबांच्या छताखाली त्यांनी मेणबत्ती लावली. मी पायातली चप्पल काढली.

२ डिसेंबर – कमानीतून आत

सकाळच्या फेरीने परत अलीकडे. धक्क्यावरून वर चढलं की पहिली लागते ती व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय झाला तेव्हा, १५९९ मध्ये, त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ ती बांधवली. आज उभी आहे ती १९५४ साली पुन्हा रचलेली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा, तर दुसऱ्या बाजूला एक बाई आणि तिच्या पायाखाली पडलेला माणूस. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरायचा, या कमानीतून शहरात शिरायचा. शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला इथे कुणाची सत्ता आहे ते आधी दगडात वाचायला लागायचं. आज त्याच कमानीखालून शाळेची मुलं फेरी पकडायला पळत होती.

पुढे डाव्या हाताला सेंट काजेतान. १६६१च्या सुमारास थिएटाइन पाद्र्यांनी रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून बांधलेलं. घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीत, विहीर आहे. त्याच्या शेजारी एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे, दोन्ही बाजूंना जाळीच्या शिळा. ते आदिलशहाच्या वाड्याचं दार. एवढंच उरलं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने हे शहर आदिलशाहीकडून घेतलं, ते हातचं गेलं, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा जिंकलं. तो दिवस सेंट कॅथरिनचा. म्हणून कातेद्राल, म्हणजे इथलं मुख्य चर्च, तिच्या नावाचं.

ते से कातेद्राल १५६२ मध्ये बांधायला घेतलं आणि १६१९ मध्ये पुरं झालं, म्हणजे नातवाच्या हयातीत संपेल असं काम आजोबाने सुरू केलं. समोरून बघताना डोळा सतत उजव्या-डाव्या बाजूंची तुलना करत राहतो, कारण मनोरे दोन होते आणि एक १७७६ मध्ये वीज पडून कोसळला. उरलेल्यात ती सोन्याची म्हणतात ती घंटा आहे. दुपारी ती वाजली. आवाज कानावर आपटत नाही, हळूच येऊन छातीत थांबतो. काकू जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या आणि वाजून संपेपर्यंत ओठ हलत होते.

शेजारचं असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च मला कातेद्रालपेक्षा जास्त आवडलं. फ्रान्सिस्कन मंडळी १५१७ मध्ये आली. आजची इमारत १६६१ची, पण दरवाजा आधीच्या चर्चचा, काळ्या दगडात दोरखंडासारखी पिळाची नक्षी असलेला. आत जमीनभर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं. चालायला दुसरी जागाच नाही, मेलेल्यांच्या छातीवरून जावं लागतं. त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग लोक बघत होते. मी मात्र खालच्या वीरगळांपाशी रेंगाळलो. घोड्यावरचा वीर, वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे हात जोडलेला. आमच्या गावच्या देवळामागे अगदी असाच आहे, त्याला आम्ही लहानपणी चेंडू मारायचो.

"गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायला नको" अशी पोर्तुगिजांत म्हण होती. या चौकात राजवाडा होता, बाजार होता, इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीची, कचेरी होती. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं ती चालली. नव्याने बाटलेल्यांनी घरात तुळस ठेवली का, जुने सण पाळले का, याच्या चौकश्या व्हायच्या. त्या इमारतीचं आज काही दिसत नाही, त्या जागी हिरवळ आहे. शहर रोगराईने पोखरलं. विहिरीचं पाणी बिघडलं, साथी यायच्या थांबेनात, माणसं निघून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने राहायचं ठिकाण पणजीला नेलं, १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिकडे गेली. वाडे उतरवून त्यांचे दगडसुद्धा पणजीच्या बांधकामांना गेले.

दुपारी काकू नोव्हेनाच्या, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या, प्रार्थनेला बसल्या आणि मी एकटा पवित्र टेकडी चढलो. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ऊन उतरताना जा. १६०२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च इथल्या सगळ्यांत भव्य इमारतींपैकी एक होतं. पोर्तुगाल सरकारने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले. ऑगस्टिनियन साधूंना मठ सोडावा लागला, आणि माणूस गेल्यावर छप्पर किती दिवस राहणार. १८४२ मध्ये मुख्य छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आता ४६ मीटर उंचीचा एक अर्धा मनोरा उरलाय, जांभ्याचा, उघडा, आभाळात तुटलेल्या दातासारखा. त्याची घंटा पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते.

याच ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष जपून इथे आणले. उत्खननात मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं. धर्म बदलला नाही म्हणून एका राणीला मारलं, तिची हाडं ज्या टेकडीवर पूजेला ठेवली त्याच टेकडीखाली इन्क्विझिशनची कचेरी लोकांना धर्मावरून कोठडीत टाकत होती. मी पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. मनोऱ्याच्या चिऱ्यांमध्ये पोपट शिरत होते.

पलीकडे उतारावर रोझरी चर्च आहे, १५४०च्या दशकातलं. इथे उभं राहून आल्बुकर्कने लढाई पाहिली असं सांगतात. खाली मांडवी, समोर दिवाडी. अंधार पडायच्या आत धक्का गाठला.

३ डिसेंबर – फेस्त

पहाटे चारला उठलो. पहिल्या फेरीत उभं राहायला जागा नव्हती. बायकांच्या डोक्यात आबोली, पुरुषांचे इस्त्रीचे शर्ट, आणि सगळ्यांच्या तोंडी सणाच्या शुभेच्छांचा एकच शब्द, "परबीं!" मला कुणी ओळखत नव्हतं, पण परबीं मलाही मिळाली.

कमानीपासून बॉम जेझूस बॅसिलिकेपर्यंत, म्हणजे झेवियरचं शरीर ठेवलंय त्या चर्चपर्यंत, दोन्ही बाजूंना फेरी भरलेली. कोकणीत जत्रेतल्या बाजाराला फेरीच म्हणतात. खाज्याचे ढीग, उकडलेले चणे, काड्यो-बोड्यो, लाकडी खेळणी, जपमाळा. आणि मेणाचे अवयव. मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचा हात, मेणाचा पाय, डोळे, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं त्याचा तसा नवस. काकूंनी बराच वेळ घासाघीस न करता शोधून एक पाय घेतला. गुडघ्यापर्यंतचा, पिवळट, तळव्याला बोटं कोरलेली, करंगळी जरा वाकडी. मला वाटलं स्वतःच्या गुडघ्यासाठी असेल. "माजो न्हय. नातवाचो," म्हणाल्या. त्यांचा नातू गेल्या पावसात दुचाकीवरून पडला होता, पायात पट्टी घातली आहे. तो मेणाचा पाय त्यांनी पदरात गुंडाळून मांडीवर धरला होता, तान्ह्या बाळाला धरतात तसा. उन्हाने मऊ पडू नये म्हणून मध्ये मध्ये त्यावर फुंकर घालत होत्या.

रस्त्याच्या कडेला एक जथा बसला होता. बेळगाव-खानापूरकडून चालत आलेले, चोर्ला घाट उतरून. तरुण मुलं, दोन-तीन म्हातारे, पायांना फोड, एकाच्या हातात लाकडी क्रूस. आपसात मराठीच बोलत होते. एक जण दुसऱ्याच्या पायाला तेल लावत होता. आषाढात पंढरीच्या वाटेवर जे मी पाहिलंय तेच इथे बसलेलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारे म्हणाले, "माउली, तुम्ही पण चालत?" मी नाही म्हटलं. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

उघड्या मैदानात मंडप घालून मोठी मीस, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, झाली. कोकणीत. गायला सुरुवात झाली की हजारो माणसं एकदम गातात, पुस्तक न बघता.

मग बॅसिलिकेत दर्शनाची रांग. बॉम जेझूस म्हणजे भला येशू. पायाभरणी १५९४ची, अभिषेक १६०५चा, बॅसिलिकेचा मान १९४६चा. आत वेदीवर सोन्याचा मुलामा, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची मोठी मूर्ती आणि तिच्या पायाशी बाळ येशू. पण रांग तिकडे जात नाही, उजवीकडे वळते.

फ्रान्सिस झेवियर नावार प्रांतातल्या शाव्हियेरच्या गढीत १५०६ मध्ये जन्मला, ६ मे १५४२ला गोव्यात उतरला आणि दहा वर्षांत मलाक्का, मोलुक्का, जपान पालथं घालून ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या दाराशी सांशियान बेटावर वारला. पुरलेलं शरीर न कुजलेलं मिळालं, ते मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये इथे आलं. १६२२ मध्ये रोमने त्याला संत ठरवलं, उजवा हात त्याच्या आधीच रोमला नेला होता. आज शरीर चांदीच्या पेटीत आहे. ती गोव्याच्याच सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली, तिच्यावर त्याच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. खालचा संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने तो दहा वर्षं घडवला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. पेटी फार उंचावर आहे. मान वर करून बघावं लागतं, प्रसंग नीट दिसत नाहीत, फक्त चांदीवर मेणबत्त्यांचा उजेड हलताना दिसतो. दर दहा वर्षांनी शरीर खाली आणून कातेद्रालमध्ये ठेवतात. गेल्या खेपेला, नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये, काकूंनी तासन्‌तास उभं राहून दर्शन घेतलं होतं.

आणि मला, संभाजीराजांचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला, इथे १६८३ आठवल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. नोव्हेंबरातच, २४ तारखेच्या रात्री, मराठ्यांनी जुवें बेटाचा किल्ला घेतला. शहर तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फौज घेऊन गेला आणि मार खाऊन, जेमतेम जीव वाचवून परतला. तेव्हा तो या संताच्या पेटीपाशी आला, पेटी उघडवली आणि आपला राजदंड त्या मृत हातात ठेवला. आता तूच राख, म्हणून. त्याच सुमारास औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठं सैन्य घेऊन कोकणात उतरत होता, पाठीवर मोगल आल्यावर राजांना वळावं लागलं. गोवा वाचला. पोर्तुगीजांनी श्रेय संताला दिलं, पुढचे व्हाइसरॉय अधिकाराचा दंड इथूनच घेऊ लागले. मी रांगेत उभा राहून त्या पेटीकडे बघत होतो आणि मला दोन्ही बाजूंनी ओढ लागत होती. राजे आणखी दोन दिवस आधी आले असते तर, हा विचार मनातून जात नव्हता. आणि शेजारी काकू. त्यांनी मेणाचा पाय कठड्यापाशी ठेवला, त्याची वाकडी करंगळी बोटाने जरा सरळ केली आणि डोळे मिटले. त्यांच्या प्रार्थनेत कुठलाही व्हाइसरॉय नव्हता. मीही हात जोडले. नातवासाठी.

४ डिसेंबर – दगड

फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात झाडूवाल्या बायका आणि कावळे, एवढंच. मला हवं होतं ते आज मिळालं. बॉम जेझूसच्या भिंतीला मी सावकाश प्रदक्षिणा घातली.

लोक या चर्चचा तांबूस रंग बघून खूश होतात. पण ही भिंत अशी उघडी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. हिच्यावर चुन्याचा गिलावा होता, कातेद्रालसारखीच ती पांढरी दिसायची. पोर्तुगीज अमदानीतच, १९५०च्या दशकात, जुनं रूप दाखवायचं म्हणून गिलावा खरवडून काढला. खाणीतून निघताना चिरा ओलसर, मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा, पाणी पितो. वडील म्हणायचे, चिऱ्याला चुन्याचा सदरा हवा. इथे वर्षाला आमच्यासारखाच पाऊस पडतो आणि सत्तर वर्षं ही भिंत उघड्या अंगाने भिजते आहे. मी जवळून पाहिलं. चिऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, काही ठिकाणी सांधा पुढे आलाय आणि दगड मागे गेलाय. बोट लावलं तर तांबडी पूड आली. दर्शनी भागातले काळ्या दगडाचे खांब मात्र कोरीव काम धरून आहेत, तो दगड वसईहून आणला म्हणतात. बॅसिलिकेचे पाद्री या भिंतीवर पुन्हा गिलावा करा म्हणून सांगत आलेत. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. १९८६पासून ही चर्चं जागतिक वारशात आहेत, फोटोत तांबडी छान दिसतात म्हणून त्यांना भिजत ठेवणं मला पटत नाही.

परतीची गाडी करमळी स्टेशनवरून होती. रिक्षा करमळीकडे निघाली तेव्हा वाटेत सेंट पॉल कॉलेजची कमान लागली. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. रानात नुसता एक दर्शनी भाग उभा आहे, मागे काही नाही. झेवियर गोव्यात असताना याच कॉलेजशी जोडलेला होता. अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे इथिओपियाला, जायला निघालेला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात अडकला आणि इथे चालू झाला. भारतातला पहिला. सात वर्षांनी याच शहरात गार्सिया द ओर्ताचा इथल्या औषधी झाडपाल्यावरचा ग्रंथ छापला गेला. तो ज्यू वंशाचा. मेल्यानंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.

आणि १५७९च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री या शहरात उतरला. तो इथली भाषा शिकला, ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्याच्या कानात बसली, आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, दहा हजारांवर. १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं तेव्हा देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत छापलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आम्ही शाळेत पाठ केल्या, पण तो माणूस नेमका या काठावर उतरला हे मला बाईंनी सांगितलेलं आठवत नाही. देवळं पाडणारी आणि आमच्या भाषेवर जीव टाकणारी माणसं एकाच बोटीतून आली.

काकूंना मी हे सगळं रिक्षात सांगत होतो. त्यांनी विचारलं, "आनी तो पाद्री मराठी बोलय होतो? आमच्यासारखो?" हो म्हटलं. "मगे एक मेणवात लाव त्येच्या नावान." पिशवीतून उरलेली एक काढून दिली.

मी कमानीशी गेलो. खालच्या चिऱ्यांच्या सांध्यात, पावसापासून आडोशाला, चुन्याचा एक टवका अजून चिकटून होता, नखाएवढा, पांढराशुभ्र. त्याच्याच खाली मेणबत्ती चिकटवली. वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, गाडीला वीस मिनिटं उरली होती.